मधल्या खोलीतला प्लग

वाय-फाय पुढं पोचवणाऱ्या नव्या डब्याच्या बुडाशी एक दिवा होता, टाचणीच्या डोक्याएवढा. तो आधी पांढरा लुकलुकायचा, मग क्षणभर स्थिर राहायचा आणि मग केशरी व्हायचा. केशरी रंग एकदम येत नव्हता. लिटमसच्या कागदावर आम्ल चढतं तसा तो कडेनं चढत यायचा. बारकी गुडघ्यांवर बसून तो चढताना बघत होती. तिला राग आला नाही, कंटाळाही आला नाही. केशरी झाला, एवढंच.

"झाला का पांढरा?" दादानं हॉलमधून विचारलं.

"केशरी."

"मग अजून एक आणू या."

"हा चौथा आहे," वहिनी म्हणाली. "माणसं तीन आणि डबे चार. अजून दोन आणा, म्हणजे घर त्यांच्या नावावर करून आपण जिन्यात झोपू."

घर लांबट होतं. पुढं हॉल, मागं बारकीची खोली, मध्ये आईची, आणि तिन्हींच्या कडेनं जाणारा अरुंद पॅसेज. इंटरनेटची तार हॉलमध्ये येत होती. बारकी मागच्या खोलीतून काम करायची. प्रयोगशाळेतून पेशींचे मोठाले फोटो यायचे, ते तपासून ती अहवाल द्यायची. हल्ली फोटो अर्धाच उघडायचा. अर्ध्या पेशीकडे बघत ती बसून राहायची. लोक वैतागतात, तिला तेही जमत नव्हतं.

आईची खोली बंद होती. पक्षाघातानंतर आईला शुश्रूषा केंद्रात ठेवलं होतं, थोड्या दिवसांसाठी. मध्ये एकदा घरी आणून पाहिलं. वहिनीची कंबर धरली, दादाचा खांदा गेला, आणि एका सकाळी घास श्वासनलिकेत जाऊन आई निळी पडली तेव्हा तिघंही नुसती बघत राहिली. त्या दिवशी ती परत केंद्रात गेली. तिथल्या मॅडमनी काल फोन केला होता. एक कायमची खोली रिकामी झाली आहे. आजींना ती द्यायची की तुम्ही घरी नेताय? उद्या संध्याकाळपर्यंत सांगा, मागे दुसरं कुटुंब थांबलंय.

"सांगतो," दादा म्हणाला होता. दादाचं 'सांगतो' आणि दादाचं 'बघू' ही सख्खी भावंडं होती.

आज सकाळपासून तो डब्यांच्या मागे लागला होता. फोनचा विषय निघाला की शिडी घेऊन यायचा. एक डबा त्यानं पॅसेजच्या तोंडाशी ठेवला, दुसरा पॅसेजच्या शेवटी एक्स्टेन्शन ओढून, तिसरा बारकीच्या कपाटावर आणि आता हा चौथा तिच्या टेबलाखाली. सगळे बंद करून चालू केले, ॲपमधून काढून पुन्हा जोडले. जोडले जायचे लगेच. टिकायचे नाहीत.

"अहो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" वहिनी म्हणाली. "या डब्याला त्या डब्याकडूनच मिळायचं ना? त्याच्याचकडे खडखडाट!"

"बरोबर आहे," बारकी म्हणाली. "जिथं पोचत नाही तिथं ठेवून उपयोग नाही. अजून पोचतंय अशा ठिकाणी ठेवायला हवा. मध्यावर."

मध्य कुठं आहे हे तिघांनाही माहीत होतं. चार डबे आणले होते ते त्या खोलीला वळसा घालायला. खोलीच्या दोन्ही भिंतींना लोखंडी कपाटं टेकलेली; त्यांच्या आडून काही पलीकडे जात नव्हतं.

बारकीनं डबा काढला, तार गुंडाळली आणि पॅसेजमधून आईच्या दारापाशी आली.

"तिथलं काही हलवू नकोस," दादा म्हणाला.

"प्लग बघते."

दार उघडलं तसा तो आवाज आला. हवेच्या गादीचा पंप चालू होता. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून आणलेली गादी. तिच्या निम्म्या नळ्या फुगायच्या, निम्म्या बसायच्या, मग उलट. वर कुणी झोपत नव्हतं तरी ती कूस बदलल्यासारखी हलत होती. हवा गेली की गादी पुन्हा धरत नाही असं दुकानदार म्हणाला होता, म्हणून दादानं पंप एकदाही बंद केला नव्हता. वहिनी गादीवरची चादर बदलायची. बारकी पंपाची जाळी पुसायची. हे चुकीचं आहे असं तिघांपैकी कुणालाच वाटलं नव्हतं.

कपाटांच्या मध्ये मोकळी भिंत होती तेवढीच. तिथं एकच प्लग होता आणि तो पंपानं धरला होता.

"थांब, एक्स्टेन्शन आणतो," दादा म्हणाला. "दोन्ही चालतील की. कशाला काढायचं?"

तो पॅसेजमध्ये वाकून तार सोडवू लागला. वहिनी दारात उभी होती. तिनं बारकीकडे पाहिलं आणि नजर चादरीवर नेली.

"नको," बारकी म्हणाली.

तिनं पंपाचा प्लग ओढला. आवाज थांबला. घरात तो आवाज होता हे तेव्हा कळलं. गादी हळूहळू बसत गेली, आधी पायाकडून. बारकीनं डबा लावला, ॲप उघडलं आणि वाट पाहिली. पांढरा. तो पांढराच राहिला. मागच्या खोलीतला डबाही पांढरा झाला आहे असं ॲपनं सांगितलं.

दादा एक्स्टेन्शन हातात घेऊन दारात आला. त्यानं गादीकडे पाहिलं.

"ती आता धरायची नाही," तो म्हणाला.

"हो."

"मला विचारायचंस तरी."

"तू बघू म्हणाला असतास."

मग, काहीतरी करायलाच हवं म्हणून, त्यानं खिशातून फोन काढला. "चालतंय का ते तरी बघू. व्हिडिओ लावतो." व्हिडिओ लावायचा म्हणजे आईलाच, या घरातून दुसऱ्या कुणाला लागत नसे. रिंग गेली आणि त्यानं फोन बारकीच्या हातात दिला.

केंद्रातल्या मावशींनी आईपुढे फोन धरला. एरवी आईचा चेहरा चौकटी चौकटींचा होऊन थिजायचा. आज ओठाचा ओघळलेला कोपरा, हनुवटीवरचा पांढरा केस, सगळं स्वच्छ दिसत होतं. आईलाही पलीकडून दिसत होतं. तिचे डोळे बारकीच्या खांद्यामागे गेले.

"माझी... खोली," आई म्हणाली.

"हो आई."

"गादी... बसली."

"मी बंद केली."

आईनं बराच वेळ तिकडं पाहिलं. मग नेहमीचा प्रश्न विचारला. "कधी... येऊ?"

"अगं, पुढच्या महि—" दादा मागून म्हणाला. वहिनीनं त्याच्या दंडावर हात ठेवला.

बारकीनं फोन दोन्ही हातांनी धरला, चित्र हलू नये म्हणून. "आई, तुला आता तिथंच राहायचंय," ती म्हणाली. "आम्ही तुला घरी आणणार नाही."