जिलबी-मठ्ठ्याचं लंघन

साताऱ्याचं लग्न आटोपून श्यामलाबाई घरी आल्या, त्या चपला काढून थेट सशांच्या पिंजऱ्याकडे गेल्या. आत मठ्ठा एकटाच. वाटी रिकामी, गवताची काडी नाही.

"अहो, जिलबी कुठंय?"

"बाल्कनीत." यज्ञेश्वरपंतांनी पेपरातून मान वर काढली नाही. "पोट बिघडलंय तिचं. काल सकाळपासून लंघनावर ठेवलीये. ह्याचं बघून तिला वासना नको, म्हणून ह्याचंही खाणं उचललं."

श्यामलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या घरात ताप येवो, पोट दुखो, लेकीचं लग्न मोडो, औषध एकच! संसारभर कोमट पाणी पिऊन त्या बऱ्या होत आल्या होत्या, किंवा पंतांना तसं वाटत आलं होतं. आता ही वेळ मुक्या जिवांवर यावी?

ससे लेकीचे, उल्काचे. मादी तांबूस म्हणून जिलबी आणि नर पांढरा म्हणून मठ्ठा. जेवणाच्या पंगतीत एकावाचून दुसऱ्याला मजा नाही, तशीच यांची गत. एका वाटीत तोंड घालायचे, एकमेकांचे कान चाटत तासन् तास बसायचे. तिच्या हिंजवडीच्या घरमालकाला जनावरं चालेनात, म्हणून जोडी शनिवार पेठेत आली. "आई, काही झालं तरी दोघांना वेगळं करायचं नाही," हे उल्काने दहादा बजावलं होतं. पंतांनीही ते ऐकलं होतं. ऐकलं होतं म्हणजे कानावरून गेलं होतं.

बाल्कनीत आंब्याच्या रिकाम्या पेटीत जिलबी पाठीला कुबड काढून बसली होती. कान गार. पेटीत एक लेंडी नाही. श्यामलाबाईंनी मठ्ठ्यापुढे गवताचा ढीग टाकला, जिलबीला भाजीच्या टोपलीत घातलं आणि जिना उतरल्या.

"ह्यालाही न्यायचं का?" त्यांनी दारातून विचारलं होतं.

"धडधाकट जिवाला दवाखान्यात नेऊन आजार विकत घ्यायचा का?" पंत म्हणाले. तेवढ्यापुरतं श्यामलाबाईंनाही ते पटलं.

पहिल्या दवाखान्यात उत्तर मिळालं, "आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो."

"मग पाटीवर 'प्राण्यांचा दवाखाना' कशाला लिहिलंय? ससा काय पालेभाजी आहे?" असं सुनावून त्या रिक्षाने कोथरूडला गेल्या. तिथली डॉक्टरीण पोरसवदा होती, पण जिलबीचं पोट चाचपताच तिचा चेहरा गंभीर झाला.

"किती वेळ उपाशी आहे?"

श्यामलाबाईंनी मान खाली घालून दोघांचं सगळं सांगितलं.

"काकू, सशाचं पोट कधीच रिकामं ठेवायचं नसतं. खाणं थांबलं की आतडी थांबतात. उपाशी ठेवणं म्हणजे मारणंच." तिने इंजेक्शन दिलं, कातडीखाली सलाईन भरलं, पेजेची पावडर आणि सुईशिवाय सिरिंज दिली. "दर दोन-तीन तासांनी भरवा. उद्या दाखवा. आणि दुसरा कुठंय? जोडी आहे ना? एकटा पडला तर तोही खाणं सोडेल. आजच्या आज आणा त्याला."

श्यामलाबाईंची बहीण मंदाकिनी दवाखान्याजवळच राहायची. तिच्याकडे मुक्काम टाकून त्यांनी पंतांना फोन लावला.

"मठ्ठ्याला घेऊन या. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर सांगायचेच, त्यांना फी दुप्पट मिळते. इथे मजेत आहे तो."

"खातोय का?"

"अगं, समोर ढीग पडलाय."

"ढीग पडलाय तो मीच टाकलाय! तो खातोय का, ते सांगा!"

"शहाणा आहे तो. तू तिचं बघ." आणि फोन ठेवला. या माणसाला सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायला काय धाड भरते, हे श्यामलाबाईंना इतक्या वर्षांत उमगलं नव्हतं. स्वतः जाऊन आणावं, तर इथे हिचं तोंड कोण उघडणार? मंदाकिनीला खाली बसता येत नव्हतं.

जिलबी तरी कुठे सुखाने खात होती! पंच्यात गुंडाळलेली, मान फिरवायची, पेज साडीवर थुंकायची. "उपकार कर गं बाई, गीळ," म्हणून श्यामलाबाई रडकुंडीला आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पंच्यावर चार बारीक लेंड्या दिसल्या. कुणाच्या लेंड्या बघून माणसाला एवढा आनंद होतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी तपासून घरी न्यायला सांगितलं. रिक्षात जिलबीने स्वतःहून कोथिंबिरीचं पान खाल्लं.

दार पंतांनीच उघडलं, स्वारी खुशीत. "आलात? बरी दिसतेय की! आता ह्याचं बघ. जनावर असून कळतं त्याला. तू गेल्यापासून आपणहून लंघन करतोय. गवताला तोंड म्हणून लावलं नाही."

श्यामलाबाई धावल्या. मठ्ठा कोपऱ्याकडे तोंड करून बसला होता. ढीग होता तस्सा. त्यांनी त्याला उचललं, तर अंग लुळं पडलेलं, कान बर्फासारखे.

"काल विचारलं होतं हो मी! दहादा विचारलं होतं!" त्यांचा आवाज फाटला. "मरायला टेकलेल्याला शहाणा कसलं म्हणता?"

पंतांनी मठ्ठ्याला जिलबीशेजारी टोपलीत ठेवलं, स्वतः टोपली उचलली आणि बायकोच्या आधी जिना उतरले.

लकडी पुलावर रिक्षा अडकली. "जरा काढा हो पुढे, जीव आहे आत," पंत रिक्षावाल्याला म्हणाले. मग कोथिंबिरीचं पान मठ्ठ्याच्या तोंडाशी धरून पुटपुटू लागले, "खा रे राजा. एकच घास. माझ्यासाठी खा." जिलबी मठ्ठ्याचा कान चाटत होती. थांबत होती, पुन्हा चाटत होती.

श्यामलाबाईंनी मठ्ठ्याच्या बरगड्यांवर हात ठेवला. श्वास हाताला लागतो का बघत ठेवूनच राहिल्या. इतक्या वर्षांचं सगळं सुनावायचं ओठांवर आलं होतं. पंत अजून पान पुढे करत होते.

वाट मोकळी झाली तशी रिक्षावाल्याने जोरात गाडी काढली.

"दादा," श्यामलाबाई म्हणाल्या, "सावकाश चला. आता घाई नाही."