माघारी न फिरणारी वरात

गुलअंदाम तंदुरात रोट्या लावत होती. अंगणात तिची बारा वर्षांची मुलगी माहरुख धाकट्या बहिणीबरोबर, तूबाबरोबर, ताज्या बर्फावर द्राक्षांची काकवी ओतून चाटत होती. चार वर्षं त्या डोंगरांत धड पाऊस नव्हता, त्यामुळे बर्फ पडू लागलं तशी म्हातारी माणसंसुद्धा छपरांवर चढून नाचली.

दुपारी खिंडीपलीकडून सफदरची वरात आली. सफदर छत्तीस वर्षांचा, बिजवर. नवरी माहरुख, तिला अजून न्हाणही आलं नव्हतं. पण गावात लग्नं अशीच होत आणि कुणाच्या घशात घास अडकत नसे.

“अहो, आभाळ बघा. चार दिवस थांबवा,” गुलअंदाम नवऱ्याला म्हणाली.

“वेडी की काय तू?” करमअली हसला. “लग्नाच्या दिवशी बर्फ म्हणजे बरकत! पोरीचा पायगुण म्हण.”

“पायगुण कसला? तिच्या पायात धड बूट नाहीत.”

सफदरचा काका नौरोज मध्ये पडला. “विहीणबाई, निघालेली वरात थांबत नाही आणि माघारीही फिरत नाही. फिरली तर नवरी अपशकुनी. मग कोण करणार हिला?”

माहरुखला पांढऱ्या चादरीत गुंडाळून खेचरावर बसवलं. “आई, तू पण चल ना गं,” ती म्हणाली. नवरीच्या आईनं वरातीत जायचं नसतं. गुलअंदाम गेली नाही.

मग सात दिवस बर्फ थांबलं नाही. दार, खिडकी, धुराडं, सगळं गाडलं गेलं. आठव्या दिवशी छपराला भोक पाडून ती तिघं बाहेर आली, तेव्हा अर्धं गाव दिसतच नव्हतं. बाजूची कित्येक गावं तर कायमची मिटली होती.

पुढे बर्फ खणून रस्ता मोकळा झाला. लष्कराचा एक हवालदार मेलेल्यांची यादी करत आला आणि त्याच्यासोबत लंगडत नौरोज.

“अर्ध्या वाटेत धनगरांची खोपी लागली,” नौरोज खाली बघत सांगू लागला. “आत लाकडं होती. पोरगी रडायला लागली, मला घरी सोडा म्हणून. पण नवरीला परत कसं आणायचं? पुढे गेलो. खिंडीत ती खेचरावरच थिजली. सफदर वाचला, देवाची कृपा. शब्द घराला दिलेला असतो, करमअली. तुझी धाकटी आहे ना अजून.”

करमअलीनं होकारार्थी मान हलवली. हो, हलवली! थोरलीची कबरसुद्धा अजून खणली नव्हती.

“नाव माहरुख,” हवालदार लिहीत म्हणाला. “मृत्यूचं कारण?”

“बर्फ,” करमअली म्हणाला.

“बर्फ लिहू नका,” गुलअंदाम पुढे आली. पुरुषांच्या घोळक्यात ती कधी बोलली नव्हती. “वय बारा लिहा. कारण लग्न लिहा.”

“बाई, असं कारण कागदात नसतं.”

“मग कागद बदला!” तिनं तूबाला पाठीशी ओढलं. “आणि हिचंही लिहून ठेवा. वय नऊ. जिवंत आहे. हिला न्यायला जो येईल, त्यानं आधी मला गाडावं.”

“गुलअंदाम, आत हो!” करमअली ओरडला.

ती हलली नाही. हवालदारानं एकदा तूबाकडे पाहिलं, मग मान खाली घालून ‘बर्फ’ असंच लिहिलं. पण नौरोज आल्या वाटेनं एकटाच परत गेला.