रांगोळीतली वस्ती

"आमना संडास कोठे शे, डाक्टर? दाखाड ना आमले!"

यशोदाबाई खाटेवरूनच ओरडल्या. ओरडता ओरडता त्यांनी सुनेला खुणेने ट्रंकेतली मोरांची चादर काढायला लावली आणि ती समोरच्या खाटेवर अंथरून होईपर्यंत भिकनला बसू दिलं नाही. शिव्या द्यायच्या त्या पाहुण्याला नीट बसवून, हा नालाकाठ वस्तीचा शिरस्ता.

डॉ. भिकन बैसाणे मोरांवर अवघडून बसला. दारात बाया गोळा झाल्या होत्या. पहिल्यांदाच त्या त्याच्याकडे बघून हसत नव्हत्या.

"अक्का, झालं काय ते तरी सांगा."

"काय व्हई? नगरपालिकाना साहेब उना, नं सांगी गया. म्हने तुमना आठे पयलेच संडास शे, गल्लीगल्लीमा नळ शे, आते नवा भेटाव नई. आमी म्हनं कोठे शे? तर म्हने, बैसाणे डाक्टरना नकाशामा शे!" यशोदाबाईंनी दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून सरकवला. "एक डाक्टरनी मना खुबा जोडा, नं दुसरा डाक्टरनी कागदवर संडास बांधा. आते तूच सांग, मी कोनता डाक्टरकडे जाऊ?"

बायांपैकी बेबाबाईला हसू आलं, पण तिने ते पदरात दाबलं.

गेल्या पावसाळ्यात नाल्याच्या उतारावर पाय घसरून यशोदाबाईंचा खुबा मोडला होता. वस्तीतल्या सगळ्याच बाया त्या उताराने खाली जात. तरण्या बाया अंधारातच उरकून येत. यशोदाबाईंना आता धरून न्यावं लागे, धरून आणावं लागे, आणि सून शेतमजुरीला गेली की त्या दिवसभर पाणीच पीत नसत. वस्तीला संडास मिळणं म्हणजे काय, हे त्या घरात कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

भिकनला तर मुळीच नव्हती. धुळ्यातल्या असल्याच एका वस्तीत तो वाढला होता. त्याच्या आधीची दोन भावंडं गेली म्हणून आईने त्याचं नाव भिकन ठेवलं, आणि पुढे आयुष्याने ते नाव फारच मनावर घेतलं. नागरी नियोजन आणि समुदाय विकास या विषयात डॉक्टरेट मिळाली, शोधनिबंध छापून आले, जळगावच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवता शिकवता कानशिलं पांढरी झाली. पण दर सत्राला हात जोडून नेमणुकीचं पत्र मागणं काही सुटलं नाही. त्याचे विद्यार्थी एव्हाना कायम झाले होते. बसमध्ये भेटले की उठून त्याला जागा देत, हा त्याचा आजवरचा नफा.

आणि ही सगळी कमाई उभी होती ती फुलनेर गावच्या या नालाकाठ वस्तीवर. खरं तर, वस्तीच्या एका नकाशावर.

त्याचं असं झालं होतं. लोकांची वस्ती लोकांनीच जमिनीवर चितारायची, संशोधकाने फक्त पाहायचं, अशी एक पद्धत असते. भिकन ती पद्धत शिकून आला, आणि वस्तीत रांगोळी आणि तुरीची डाळ घेऊन हजर झाला. रांगोळीने गल्ल्या काढायच्या, घराच्या जागी डाळीचा दाणा ठेवायचा. पहिल्या दिवशी बायांनी जे काढलं ते अगदी खरं होतं. नाला, उकिरडा, गावाबाहेरचा हातपंप, काहीही सुटलं नव्हतं. संध्याकाळी वस्तीच्या कोंबड्यांनी घरं टिपून खाल्ली, तेव्हा बाया पोट धरून हसल्या होत्या.

भिकनने सांगितलं, उद्या पुन्हा काढा, उद्या विद्यापीठातून माझे गाईड सर बघायला येणार आहेत, फोटो घेणार आहेत.

इथेच घोळ झाला. बायांच्या दृष्टीने मात्र तो घोळ नव्हता. दुसऱ्या दिवशी भिकन सरांना घेऊन आला, तर अंगण शेणाने सारवलेलं आणि त्यावर नवी वस्ती. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी नळ. मधोमध बालवाडी. कडेला संडासांची ओळ, एकेका दाराला हळदीकुंकवाचं बोट. नाल्याच्या जागी मोगऱ्याची वेल.

"अक्का, हे काय?" त्याने कानाशी लागून विचारलं होतं.

"पाव्हना येस तवय फाटी गोधडी कोन दाखाडस?" यशोदाबाई तितक्याच हळू म्हणाल्या होत्या. "नं रांगोयीमा गटार कोन काढस, भाऊ? शोभस का?"

गाईड सर खूश झाले. फोटो निघाले. भिकनने प्रबंधात नकाशाखाली ओळ टाकली, की ही रहिवाशांच्या मनातली वस्ती आहे. सरांनी ती खोडली. "मनातली वगैरे काय? ही काय कादंबरी आहे?" भिकन तेव्हा लग्नाचा होता, पदवीचा भुकेला होता. ओळ खोडलेली राहिली. नकाशा शोधनिबंधात गेला, शोधनिबंध एका पुस्तकात, आणि पुस्तकातून कुणीतरी तो उचलून फुलनेरच्या विकास आराखड्याला जोडून टाकला. वस्ती होती तिथेच राहिली, नकाशा मात्र बढत्या घेत वर गेला.

"लिखी दे," यशोदाबाई म्हणाल्या. "आठे काही नई, असं लिखी दे. कॉलेजना शिक्का मारीसन. साहेब म्हने, शिक्का शे तर चाली."

"देतो अक्का. बुधवारी आणून देतो."

"उद्या काब्र नई?"

उद्या, सोमवारीच का नाही, यावर भिकनने मोरांकडे पाहिलं.

मंगळवारी त्याची मुलाखत होती. त्याच कॉलेजात, कायम जागेसाठी. पुढची जाहिरात निघेपर्यंत तो वयाच्या अटीत बसणार नव्हता. अर्जात सगळ्यात वर तोच शोधनिबंध होता. सोमवारी प्राचार्यांसमोर 'माझा नकाशा खोटा आहे' असं लिहून शिक्का मागायचा, आणि मंगळवारी त्याच प्राचार्यांसमोर नवा शर्ट घालून बसायचं?

रात्री जेवताना प्रज्ञाने, त्याच्या बायकोने, हेच उलटं विचारलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि घराचं छप्पर तिच्या पगारावर उभं होतं, पण ते तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं. म्हणून तिचं बोलणं जास्त लागे.

"नकाशा बायांनी काढला, डॉक्टर तू झालास. एक शिक्का आणून देता येत नाही?"

"दोन दिवसांनी काय फरक पडतो? इतकी वर्षं थांबल्यात त्या."

"हो ना. खुबा थोडाच दोन दिवसांत मोडतो," ती म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

मंगळवारी पहाटेच्या एसटीने तो निघाला. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, तरी उत्तरं पाठ करणं संपेना.

मुलाखतीच्या खोलीत प्राचार्य होते, पुण्याहून आलेले एक तज्ज्ञ होते, आणि मध्यभागी संस्थेचे अध्यक्ष अभयकुमार. त्यांची डाळमिल होती. माणसाला बोलतं ठेवून आपण पोत्यात हात घालून बघणारा हा गृहस्थ. तज्ज्ञ नकाशावर जीव टाकून बोलत होते. लोकसहभागातून एवढ्या सोयी उभ्या राहिल्या, हे सगळ्या राज्याने पाहायला हवं, विद्यार्थ्यांची सहल काढायला हवी. प्राचार्य मान डोलावत होते. भिकनला कळलं, की जागा आपल्या अंगणात येऊन उभी आहे, फक्त आत बोलवायची आहे.

अभयकुमार नकाशावर बोट फिरवत होते.

"सर, मी काही शिकलेला माणूस नाही. पण एवढे नळ दाखवलेत, तर टाकी कुठंय? यात पाणी येतं कुठून?"

'बोअरवेल.' हा शब्द भिकनच्या जिभेवर येऊन बसला. तो खपलाही असता. तज्ज्ञांनी तर त्याला मदत म्हणून तोंडही उघडलं होतं. पण पाणी म्हटल्याबरोबर त्याला दिवसभर पाणी न पिणाऱ्या यशोदाबाई दिसल्या. कोरडे ओठ, उशाशी पालथा घातलेला पेला.

"येत नाही, भाऊ," तो म्हणाला. अध्यक्षांना भाऊ म्हटल्याचं त्याच्या लक्षातही आलं नाही. "नळच नाहीत तिथं. संडास नाहीत. बालवाडी नाही. नाला आहे फक्त, तो काढलेला नाही."

तज्ज्ञांनी चष्मा काढला. प्राचार्य एकदम कागद लावायला लागले.

"मग हे काय आहे?"

"पाहुणे येणार म्हणून बायांनी चांगलं चांगलं काढलं होतं. आणि मी ते छापलं."

अभयकुमारांनी नकाशाची घडी घातली आणि दोन्ही हातांनी, अगदी अदबीने, परत दिली.

"सर, माणूस म्हणून तुम्ही आज मला आवडलात. खोटं नाही सांगत. पण बायांनी काय काढायचं तो त्यांचा प्रश्न. बघायचं काम तुमचं होतं ना? तेच काम शिकवायला मी तुम्हाला कसं ठेवू?"

भिकनने घडी खिशात घातली. बस स्टँडवर पोचेपर्यंत प्राचार्यांचा फोन आला. आवाज मऊ होता. उद्यापासूनचे त्याचे तास दुसऱ्या कुणाला तरी दिले होते. "तुम्ही स्वतःच कबूल केलंत हो. आता माझ्या हातात काय राहिलं?"

बुधवारी तो फुलनेरच्या नगरपालिकेत उभा होता. साध्या कागदावर सगळं लिहिलं होतं, खाली सही होती. समोर हिलाल पाटील, कनिष्ठ अभियंता. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"शिक्का?"

"कॉलेजातून मला काढलंय."

"अरे देवा." हिलाल पाटील खरोखरच हळहळले. "कधी?"

"काल."

"सर, सोमवारी यायचं होतं ना! सोमवारी तुम्ही प्राध्यापक होते. प्राध्यापकाचं पत्र म्हणून मी जोडलं असतं, साहेबांनी डोळे झाकून घेतलं असतं. आज तुम्ही कोण? नागरिक. नागरिकांचे अर्ज काय कमी आलेत नालाकाठचे?"

"तुम्ही स्वतः चला. डोळ्यांनी बघा."

"बघितलंय हो. नाक दाबून जातो मी तिथून. तिथं काही नाही हे मला ठाऊक, साहेबांना ठाऊक, शिपायाला ठाऊक. पण स्थळपाहणीपुढे तुमचंच नाव आहे, पदासकट, छापील. जमिनीवरचा संडास पाडायला एक मजूर पुरतो, सर. फायलीतला पाडायला अधिकारी लागतो. आणि संडास द्यायच्या वस्त्यांची यादी आज संध्याकाळी वर चालली."

"मग आता?"

"आता पुढचा आराखडा," हिलाल पाटील म्हणाले, आणि चहा सांगितला. भिकनने तो घेतला नाही.

वस्तीत पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. बाया अजून शेतांतून परतल्या नव्हत्या. यशोदाबाई दाराशी खाटेवर एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी त्याचा चेहरा पाहिला, रिकामे हात पाहिले. त्याने सगळं सांगितलं. मंगळवारपर्यंत का थांबलो, तेही सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुनी नोकरी भी गयी?"

"गेली."

"हं."

भिकन खाली जमिनीवर बसला. आज चादर कुणी काढली नाही. यशोदाबाईंनी नाल्याकडे पाहिलं. मग खाटेची दांडी धरून उठू लागल्या, आणि अर्ध्यातच थांबल्या. सून दिवस मावळल्याशिवाय येणार नव्हती.

"अक्का, काय हवंय?"

त्यांनी पुन्हा उताराकडे पाहिलं. भिकनला कळलं, आणि कळल्यावर त्याची मान खाली गेली.

"चला," तो म्हणाला.

"तू?" यशोदाबाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग दम टाकला. "ट्रंकमाईन चादर ली ये. नं तो डबा."

उतार निसरडा होता. यशोदाबाईंचं सगळं वजन त्याच्या खांद्यावर आलं. वाटेत त्या एकदा थांबल्या, विव्हळल्या, पुन्हा चालू लागल्या. खाली बाभळीच्या आडोशाला त्याने त्यांना सावकाश बसवलं, डबा हाताशी ठेवला आणि चादरीची दोन टोकं धरून ती समोर ताणली.

"तोंड तिकडे कर रे."

त्याने तोंड फिरवलं. वर रस्त्यावरून एसटी गेली. वारा आला की चादर फुगे, मग तो हात आणखी लांब करी. दुखायला लागले तरी त्याने हात खाली घेतले नाहीत.

"नीट धर," पलीकडून यशोदाबाई म्हणाल्या.

"धरलीय, अक्का."