सहा मोकळ्या जागा

बाबा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले तेव्हा एकच वस्तू घरी घेऊन आले. फोरट्रान या कॉम्प्युटरच्या जुन्या भाषेत त्यांनी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमची छापील प्रत. कुठल्या नळातून किती पाणी जाईल, ते काढणारा प्रोग्रॅम. खात्याचं खोलीभर मशीन केव्हाच भंगारात गेलं होतं. घरी माझा नवाकोरा पर्सनल कॉम्प्युटर होता, पण त्याला फोरट्रान कळायला कंपायलर, म्हणजे दुभाष्याचं काम करणारा प्रोग्रॅम, हवा होता.

"एकदा चालवून बघायचाय," बाबा म्हणाले. "तुझ्या आजीला विसर पडत गेला, तसं माझं व्हायला लागलंय का, ते तरी कळेल."

कंपायलर शोधायला मी आठ महिने लावले. शोधला कसला, चालढकल केली. मी नव्या भाषा शिकलेली, जुन्याला कोण विचारतंय, असा माझा तोरा. बाबा मात्र प्रोग्रॅमच्या अडीचशे ओळी रोज दुपारी दोन बोटांनी थोड्या थोड्या टाइप करत राहिले. शेवटी एका सहकाऱ्याच्या माळ्यावर, तुटक्या वायरींच्या खोक्यात, दोन फ्लॉपींवर कंपायलर सापडला.

फ्लॉपीवर जागा कमी पडत होती. बाबांनी जवळजवळ प्रत्येक ओळ सहा अक्षरांची घरं मोकळी सोडून सुरू केली होती. म्हातारपणाची सवय, म्हणून मी ती मोकळी घरं पुसून टाकली. विचारलंसुद्धा नाही.

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून कॉम्प्युटरसमोर बसले. पडद्यावर आकडा आला: दोनशे अकरा चुका.

"फाइल उघडून बघूया," मी म्हणाले.

"राहू दे. एखाददुसरी असती तर शोधली असती. एवढ्या म्हणजे माझंच डोकं गेलं."

त्यानंतर त्यांनी शब्दकोडं सोडवणंही सोडलं. काकांना पत्र लिहायचं तर आईला म्हणायचे, तूच लिही.

दहा दिवसांनी कंपायलरची माहितीपुस्तिका मी पहिल्यांदा उघडली. फोरट्रानमध्ये सूचना सातव्या घरापासून लिहायची असते, आधीची सहा राखीव. मी पुसली होती ती हीच. त्याच दुपारी सांगायला हवं होतं. बाबा शेजारच्या खोलीतच होते. पण जीभ रेटेना. आज सांगते, उद्या सांगते करत मी तीन वर्षं घालवली, आणि तोवर बाबा खरंच विसरू लागले.

मग मी ती घरं परत घातली. प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चालला. एकही चूक नाही.

प्रोग्रॅमचे कागद छापून बाबांकडे नेले, सगळं सांगितलं. चूक माझी होती, तुमची नव्हती, असं मी तीनदा म्हणाले. पाहुण्याचं ऐकावं तसं त्यांनी ऐकून घेतलं. मग कागदाच्या डाव्या कडेवरून बोट फिरवत खाली आले.

"जागा बरोबर सोडलीय," ते म्हणाले. "लिहिणाऱ्याला येत होतं. तुम्ही ओळखता का त्यांना?"