दोन वाजताचा ताप

"बोलू नकोस. तोंड मीट," मिलच्या दवाखान्यातला कंपाउंडर अच्युत धैर्यवान म्हणाला.

दौलतच्या जिभेखाली थर्मामीटर होता आणि तरीही तो बाकावरच्या कुणाला तरी काहीतरी सांगू पाहत होता. बाकावर त्याच्याच संघातले तेरा जण बसले होते. सगळ्यांचे तपासून झाले होते, दौलत शेवटचा.

"साहेब, त्याला काचेची नळी काय, शिट्टी दिली तरी त्यातनं बोलंल तो," कुशाबा म्हणाला. कुशाबा विणखात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होता आणि मिलच्या फुटबॉल संघाचा कप्तान. खिडकीबाहेर मिलच्या भिंतीवर चुन्याने 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' अशी हातभर उंचीची अक्षरे रंगवलेली होती. तिकडे हात करून तो ओरडला, "मॅच..."

"झालीच पाहिजे!" बाकाने उत्तर दिले. महाराष्ट्रासाठी ठरलेली घोषणा संघाने आठवडाभर फुटबॉलला लावली होती.

अच्युतने घड्याळात दोन मिनिटे पूर्ण होऊ दिली, थर्मामीटर उजेडात धरला आणि नोंदवहीत लिहिले : दौलत, डावा हाफ, ९८.४.

मग त्याने संपूर्ण स्तंभ वरून खाली वाचला. चौदा माणसे, चौदा आकडे, सगळे ९७.६ आणि ९८.४ यांच्यामध्ये. गुरुवारी याच बाकावर यांपैकी चौघांनी अंग मोडून येत असल्याची तक्रार केली होती. तरुणपणी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत घालवलेल्या तीन वर्षांनी अच्युतला फार थोडे दिले होते. पदवी नाही, नोकरीही नाही. मात्र एक संशय त्यांनी कायमचा दिला होता : आकडे फार नीटनेटके आले की उपकरणाकडे नव्हे, प्रयोग करणाऱ्याकडे पाहावे.

त्याने दौलतचे मनगट धरले. नाडी एकशे अठरा. मनगट ओले होते.

खिडकीच्या कट्ट्यावर जर्मनची, अ‍ॅल्युमिनियमची ताटली होती. तिच्यात चुरगळलेले चौदा कागद पडले होते.

दर सामन्याच्या आदल्या संध्याकाळी अच्युत एपीसी या अंगदुखीवरच्या चूर्णाच्या चौदा पुड्या बांधून त्या ताटलीत ठेवी आणि सामन्याच्या दिवशी बारा वाजता खेळाडू येता-जाता एकेक उचलत. पाळी संपवून थेट मैदानावर जाणाऱ्या माणसांची अंगदुखी त्याने कमी होई. हा प्रघात एकोणीस वर्षांचा होता. काल संध्याकाळीही त्याच्या हातांनी सवयीने पुड्या बांधल्या होत्या. त्याने बांधल्या असे म्हणणे अचूक ठरले नसते. आणि ही पुडी ताप चार-पाच तास उतरवते हे मिलच्या दवाखान्यात त्याच्याइतके नेमके जाणणारा दुसरा माणूस त्या दिवशी नव्हता. डॉक्टर स्वतः साथीने अंथरुणावर होते.

ही १९५७च्या जूनमधली गोष्ट. इन्फ्लुएन्झाची साथ मद्रासकडून आली आणि तीन आठवड्यांत लालबागपासून शिवडीपर्यंत एकही चाळ कोरडी राहिली नाही. लीगचे सामने थांबले. पंधरा दिवसांनी ते पुन्हा सुरू करावेत की नाही यावर मिलच्या कॅन्टीनमध्ये बैठक झाली, तेव्हा कुशाबाने विचारले :

"आठशे माणूस एका छपराखाली मागावर हाय. वरनं पाण्याचे फवारे, खिडक्या बंद. तिथं साथ चालती. आन बावीस जण उघड्या मैदानात पळाले तर बंदी? ह्यो कुठला न्याय?"

"मैदानावर बघायला पाच हजार येतात," लेबर ऑफिसर मनमोहन म्हणाला.

"सभेला लाख येत्यात. तवा नाय कुणी थर्मामीटर घिऊन फिरत."

हशा झाला. मनमोहनने अच्युतकडे पाहिले. दोघे गिरगावात एका गल्लीत वाढलेले, एका ज्ञातीतले. एक अधिकारी झाला, दुसरा कंपाउंडर. "अच्युत, तुझं शास्त्र काय म्हणतं?"

अच्युतला कुशाबाचा युक्तिवाद बिनतोड वाटला होता. खाते चालू ठेवून मैदान बंद करण्याला तर्काचा आधार नव्हता. दोन्ही बंद करावीत असे म्हणण्याची कुणाची तयारी नव्हती, त्याचीही नव्हती. तो म्हणाला की प्रश्न मैदानाचा नाही, मैदानात उतरणाऱ्या माणसाचा आहे. सामन्याच्या दिवशी दुपारी दोन वाजता प्रत्येकाचा ताप पाहावा. नव्व्याण्णवच्या खाली असेल तो खेळेल, वर असेल तो घरी जाईल. नियम लहान होता आणि त्यात एक आकडा होता. सगळ्यांना तो पसंत पडला. इतर मिलच्या संघांनीही तो मागून नेला.

"बाकीचे बाहेर थांबा," अच्युत आता म्हणाला. दार लागल्यावर त्याने दौलतला विचारले, "सकाळी अंग तापलं होतं?"

"जरासं."

"थंडी वाजली?"

"वाजली. खानावळीच्या गंगुबाईंनी घोंगडी दिली. मग पुडी घेतली, घाम सुटला, उतरला." दौलत हसला. "उतरला म्हंजे गेला ना सायब?"

"नाही. झाकला गेला. पाच वाजता, तू मैदानात असशील तेव्हा, पुन्हा चढेल. तू आज खेळू नयेस."

दौलतचे हसू गेले. तो सहा वर्षे बदलीवर होता. रोज सकाळी मिलच्या गेटवर उभे राहायचे, कुणी कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या मागावर जायचे, नसेल तर परत फिरायचे. साथीच्या तीन आठवड्यांत त्याला एकदाही परत फिरावे लागले नव्हते. हंगामातले सगळे सामने खेळणाऱ्याला स्वतःच्या नावावर माग मिळे, असा मिलचा अलिखित करार होता. गेल्या वर्षी गुडघा दुखावून त्याचा एक सामना चुकला आणि अख्खे वर्ष वाया गेले होते.

"सायब, नळीत किती आला?"

"अठ्ठ्याण्णव पॉइंट चार."

"आन नियम किती?"

अच्युतने वहीकडे पाहिले.

"नियम तुमचाच हाय. मी तर म्हणतच नाय की मला सोडा. तुम्ही आकडा काय आला तो ल्ह्या फक्त. कायम झालो की बायकोला आणीन. खोली बघून ठेवलीय काळाचौकीला. सहा वरसं झाली, सायब, ती थंय गावाक नि मी हंय."

अच्युतने विचार केला. चौदाही पुडी घेतलेले होते. नियम रद्द करायचा तर सर्वांसाठी करावा लागेल आणि सामना सोडून द्यावा लागेल. त्यासाठी चूक कुणाची हे सांगावे लागेल. दौलतला एकट्याला काढायचे तर नोंदवहीत जे लिहिले आहे त्याच्या विरुद्ध काढावे लागेल. शिवाय या साथीत मरणाऱ्यांचे प्रमाण हजारी एकाहूनही कमी होते. बैठकीत त्यानेच ते सांगितले होते.

त्याने वहीत काहीही खोडले नाही. त्याखाली सही केली. वहीत लिहिलेला प्रत्येक आकडा खरा होता.

"पाणी पी भरपूर," तो म्हणाला. "आणि धाप लागली तर बाहेर ये. ऐकलंस?"

"येतो ना!" दौलत दारातून ओरडला. "मॅच..."

*

अच्युत सामने पाहायला कधी जात नसे. त्या शनिवारी तो कूपरेज मैदानावर गेला आणि दोरीलगत उभा राहिला. त्याला खेळातले कळत नव्हते. तो एका माणसाकडे पाहत होता. पहिल्या अर्ध्यात दौलत चांगला धावला. दुसऱ्या अर्ध्यात तो दोनदा गुडघ्यांवर हात ठेवून थांबला, आणि दोन्ही वेळा अच्युतने घड्याळ पाहिले : पाच पन्नास, सहा वाजून चार. कुशाबाने ओरडून काही विचारले. दौलतने हात हलवून नाही म्हटले. सामना बरोबरीत सुटला.

सोमवारी दौलत गेटवर नव्हता. अच्युत मधल्या सुट्टीत लालबागला गंगुबाईंच्या खानावळीत गेला. वरच्या माळ्यावरच्या गाळ्यात वीस वळकट्या होत्या आणि एकच पसरलेली.

"शनिवारी इलो तो जेवलोच नाय," गंगुबाई म्हणाल्या. "म्हटलं, दमलो आसात. कंपाउंडरांनी तपासून सोडल्यानी म्हणान मी पण गप रवलंय."

दौलत उजव्या कुशीवर, डोळे उघडे ठेवून पडला होता. अच्युतने श्वास मोजले. मिनिटाला अडतीस. टॅक्सी आणून त्याने त्याला इस्पितळात नेले. तिथे पेनिसिलिन दिले, ऑक्सिजन दिला, जे द्यायचे ते सगळे वेळेवर दिले. दोन्ही फुप्फुसे भरली होती. बुधवारी पहाटे त्याला बरे वाटले आणि त्याने संघाच्या पुढच्या सामन्याची तारीख विचारली. गुरुवारी दुपारी तो वारला. वय सव्वीस.

"साथ आहे," मनमोहन म्हणाला. त्याने केबिनचे दार लावून घेतले होते. "माणसं जातात. तू स्वतःला का लावून घेतोस? वहीत स्वच्छ लिहिलंय, ताप नव्हता."

"ताप नव्हता असं वहीत नाही. दोन वाजता अठ्ठ्याण्णव पॉइंट चार होता, असं आहे. बारा वाजता मी त्याला एपीसी दिली, हे त्यात नाही."

"मग काय करायचं म्हणतोस? तो खेळला नसता तर जगला असता, हे सिद्ध करशील?"

"नाही. ते सिद्ध करता येत नाही."

"झालं तर!"

"जगला नसता, हेही करता येत नाही."

मनमोहनने टेबलावरची काच रुमालाने पुसली. मग म्हणाला, "पुढच्या शनिवारपासून पुड्या बंद कर. बाकीच्या मिलनाही कळवतो. कारण लिहू नकोस. त्याची बायको आलीय गावाहून. माणसांनी तिला सांगितलंय, तपासला होता, ताप नव्हता, अचानक झालं. तेवढ्याने तिला बरं वाटतंय. ते तसंच राहू दे, अच्युत. एवढी मेहेरबानी कर."

पावसाळ्यात बोटी बंद असल्यामुळे दौलतची बायको मालन एस.टी.ने कोल्हापूरवरून आली होती. ती पोचली तेव्हा सगळे उरकले होते. परतीच्या दिवशी ती एकटीच दवाखान्यात आली. तिच्याजवळ धुवट चादरीत बांधलेले गाठोडे होते : दौलतचे कपडे, एक आरसा, एक पितळी तांब्या. बूट मिलचे होते, म्हणून ते त्यात नव्हते.

ती बाकावर बसली नाही. "तुमीच तपासलात ना तेका?"

"हो."

"सगळी सांगतत, ताप नाय होतो. गंगुबाय सांगता, सकाळी घोंगडी मागल्यान." तिने पदर सारखा केला. "दोनांतला खराच काय ता सांगा. माका घराकडे सासूक सांगूचा आसा."

अच्युतने चष्मा काढून टेबलावर ठेवला. मनमोहनने मागितलेली मेहेरबानी करणे सोपे होते, आणि ते दयेचेही झाले असते. त्याच्यापाशी दिलासा म्हणून देण्याजोगे काही नव्हते. फक्त वहीत न लिहिलेली एक ओळ होती, आणि ती हिच्या मालकीची होती.

"ताप होता," तो म्हणाला. "मी दिलेल्या औषधाने तो दोन वाजता दिसला नाही. औषध मी सवयीने ठेवलं होतं, ती माझी चूक. तपासताना ती माझ्या लक्षात आली. तरी मी त्याला जाऊ दिलं. ही दुसरी. थांबवला असता तर तो वाचलाच असता, असं मी सांगू शकत नाही. पण मी थांबवायला हवा होता."

बाहेर पाळी सुटल्याचा भोंगा झाला. तो थांबेपर्यंत मालन उभी राहिली.

"तेका म्हायत होता? ताप आसा म्हणान?"

"हो. मी सांगितलं होतं."

"तरी गेलो."

"हो."

तिने मान हलवली. रागावली आहे की नाही, हे अच्युतला कळले नाही, आणि अंदाज करण्याचा आपल्याला अधिकार नाही असे त्याला वाटले.

"सात वरसां झाली लग्नाक," ती म्हणाली. "तेच्या पत्रात निस्तो बॉल. मी कधी बघूकच नाय. खंय खेळता, कसा खेळता. माका ती जागा दाखवशात?"

ते ट्रामने गेले आणि शेवटचे अंतर चालत. मैदानावर कुणी नव्हते. गवत जागोजाग उखडले होते आणि खळग्यांत पाणी साठले होते. एका टोकाच्या गोलाची जाळी काढून नेली होती, नुसते खांब उभे होते.

"खंय होतो तो?"

अच्युतने डावीकडे हात उचलला आणि अर्ध्यावरच थांबवला. डावा हाफ म्हणून जी जागा सांगतात ती केवळ सुरुवातीची. शिट्टी झाल्यावर तो तिथे उभा नसतो. त्या दिवशी नव्वद मिनिटे त्याने त्या एका माणसाखेरीज कशाकडे पाहिले नव्हते, आणि तरीही बोट ठेवून दाखवता येईल असे एक ठिकाण त्याला सांगता येईना.

"एका जागी नव्हता," तो म्हणाला. "सगळीकडे धावला."

"सगळीकडे?"

"हो. या खांबांपासून त्या खांबांपर्यंत."

मालनने गाठोडे त्याच्या हातांत दिले, लुगडे घोट्यांच्या वर खोचले आणि दोरीखालून ती आत गेली. घाई न करता, अनवाणी, चिखल चुकवायचा प्रयत्नही न करता ती सरळ चालत निघाली. मैदान लांब होते. पलीकडच्या खांबांशी पोचेपर्यंत ती अगदी लहान दिसू लागली. तिथे तिने एका खांबाला हात लावला आणि बराच वेळ तशीच राहिली.

गाठोडे अपेक्षेपेक्षा हलके होते. शेजारी एक कोरडे बाक होते, पण अच्युतने गाठोडे त्यावर ठेवले नाही. ती वळून पुन्हा चालू लागली आणि तो दोरीच्या बाहेर, दोन्ही हातांनी ते छातीशी धरून, उभा राहिला.