नवसाची परात

मी रेवदंड्याच्या बेने इस्राएली ज्यू झिराडकरांच्या घरची पितळी परात. रोजचं पीठ माझ्यात कुणी मळत नाही. मला फळीवरून खाली काढतात ते फक्त मलिद्यासाठी. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. सिनेगॉगचे हझान एलियाहू हनाबी या संदेष्ट्याची प्रार्थना म्हणतात आणि मग सगळे हात पुढे येतात. नवस बोलताना माणसं कशी गरीब गाय असतात! फेडताना मात्र खोबऱ्याला हात आखडतो. असो.

घरच्या मिल्काबाई विधवा. त्यांचा एकुलता एक योएल फौजेत कॅप्टन झाला. लढाई लागली आणि त्याची रजा मोडली. निघायच्या सकाळी मिल्काबाई मला छातीशी धरून हनाबीच्या तसबिरीपुढे उभ्या राहिल्या.

"माझा योएल सुखरूप येऊ दे."

"माझ्या एकट्यासाठी काय मागतेस, आई?" बूट बांधता बांधता तो म्हणाला. "माझ्या हाताखालची पोरं काय वाऱ्यावर सोडू? त्यांच्यासाठी माग."

"नवस काय होलसेलात करतात, लबाडा?"

तरी हसत हसत त्यांनी पुन्हा डोळे मिटले. "योएलची सगळी पोरं घरी येऊ देत. परातभर मलिदा करीन."

तार आली तेव्हा त्या मला चिंचेनं घासत होत्या. दुसऱ्या क्षणी मी अंगणात जाऊन आदळले. काठाला पोचा आला तो तेव्हा.

योएल गेला होता. त्याची पोरं मात्र सगळी परतली होती.

"वहिनी, नवस पुरा झालाय," त्यांचे दीर शालोमभाऊ एकदा चाचरत म्हणाले. "हनाबीचं देणं ठेवू नये."

"पुरा झालाय म्हणूनच तर जीव जळतो, भावोजी! नवस बोलताना त्याला त्यात धरायचं राहिलं ना माझ्याकडून. माझ्याच तोंडानं घालवला मी त्याला."

मला त्यांनी फळीवर उपडं घातलं. पुढे सरकारनं योएलला मरणोत्तर शौर्यपदक दिलं. ते त्यांनी साड्यांखाली सारलं. मलिद्याचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही.

मग एक दिवस कुबडी टेकत एक जवान आला. नाईक पाटोळे, साताऱ्याकडचा. पाणीसुद्धा न घेता बोलायला लागला.

"आम्ही तिघं बंकरात अडकलो होतो, आई. दोघांना बाहेर काढून साहेब परत माझ्यासाठी आले. म्हटलं, साहेब, मला सोडा. तर म्हणाले, 'गप बस. आईनं सगळ्यांचा नवस केलाय. तो खोटा पडला तर ती मला घरात घ्यायची नाही.'"

"गाढव!" मिल्काबाई ओरडल्या आणि खाली बसून ढसाढसा रडल्या. "घेतलं असतं रे! तसाच आला असतास तरी घेतलं असतं!"

मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"पाटोळे, नारळ सोलता येतो का?"

"येतो की, आई."

शालोमभाऊ हझानांना बोलवायला धावले. मला खाली काढलं, पोहे भिजले. प्रार्थना झाली, आणि पहिली मूठ मिल्काबाईंनी पाटोळेच्या हातावर ठेवली.

"खा बाबा. माझ्या नवसाचा आहेस तू."

आता मिल्काबाई नाहीत. पदक काचेच्या पेटीत आहे, पाहुणे ते बघून जातात. कल्हईवाला आला की घरच्यांना विचारतो, पोचा ठोकून काढू का? मी मनात म्हणते, नका काढू. मलिदा कालवताना मिल्काबाईंचा अंगठा तिथेच टेकायचा.