काळं पाणी कुठल्या दाताचं?

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. टेबलावर काचेच्या वाट्या, वाट्यांत तांबूस पाणी आणि मागे गुळगुळीत हसणारा, दातांतलं विष काढून देतो म्हणणारा विषबुवा.

"दातांत पांढरं सिमेंट भरलंय ना? हसू चमकतं, पण आत रसायन झिरपतं. रक्तात जातं, गर्भात जातं. आधी हा पाव चावा, विष जागं होईल. मग वाटीत थुंका."

थुंकी पडली की पाणी निळंकाळं. लोक हबकून बघत.

इस्त्रीवाल्या मावशीची लेक पाच महिन्यांची पोटुशी. समोरचे दोन दात भरलेले, हसू खळ दिलेल्या कापडासारखं लख्ख. तिची वाटीही काळी झाली. बुवाने दात उपटायला चिमटा उचलला. भूल द्यायची नाही, म्हणे भूल म्हणजे आणखी विष.

"आई, दोनच दात गं. जाऊ देत. बाळ तरी वाचेल."

मावशी वाटीकडेच बघत होती. हा रंग तिच्या ओळखीचा होता. इस्त्रीचा चटका बसला की ती बोटाला आयोडीन लावायची, आणि थेंब खळीच्या बादलीत पडला की हाच काळा डाग. त्या डागांपायी तिने किती बोलणी खाल्ली होती.

"बुवा, माझंही विष काढा."

तिने पाव चावला, थुंकली. पाणी काळंकुट्ट.

"अरेरे, आजी. दाढांत फार जुनं विष आहे."

मावशीने कवळी काढून टेबलावर ठेवली. "अकरा वर्षं तोंडात एकही दात नाही. कुठल्या दाढेत, तेवढं दाखवा."

"कवळीतलं असेल," बुवा घाईने म्हणाला.

मावशीने पावाचा कोरा तुकडा उचलला आणि न चावता नव्या वाटीत टाकला. तोही काळा पडला.

"आणि ही पावाची दाढ वाटतं?"

सभागृह खदखदून हसलं. "पावात पीठ, वाटीत आयोडीन," मावशी म्हणाली. "हा खेळ माझी बादली रोज करते. चिमटा ठेव खाली."

बाहेर लेकीने विचारलं, "पण रसायन झिरपतं, ते खोटं का?"

"चल, दातांच्या डॉक्टरीणबाईंना विचारू."

बाईंनी दात नीट तपासले. "नवीन भरलं की सुरुवातीला कणभर झिरपतं, म्हणून चूळ भरायला सांगतो. तुझी भरणी जुनी आहे, घट्ट आहे. ती उकरली तर उलट भुकटी तोंडात जाईल. आणि चांगले दात उपटून बाळाला काय मिळणार?"

लेक हसली, दोन्ही दात दाखवून.

शंका जरूर घ्यावी, जाणत्याला विचारावी. पण कुणी चिमटा घेऊन आला, तर तोंड उघडण्याआधी एवढंच म्हणावं: आधी नुसता पाव बुडवून दाखव.